शाळूची वाट कोणी अडवली?

खरिपात बाजरी, तूर, मूग आणि पाऊस सरताना हस्त-चित्रा नक्षत्रांत पेरलेली मालदांडी ज्वारी, ही मराठवाड्याच्या शेतीची जुनी घडी. काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच शाळू पिके. माणसाला भाकरी मिळे, गुरांना कडबा. आज ती घडी विस्कटली आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कापूस व मक्याने शिवार व्यापले, जायकवाडीच्या लाभक्षेत्रात ऊस आला. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्याचाही भरवसा मोडला. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी पाठवावे लागले, तरी मराठवाड्यातील उसाची ओढ कायम राहिली.

पण दोष शेतकऱ्याचा नव्हे. उसाला कारखाना आहे. ज्वारीला हमीभाव जाहीर होतो, खरेदी केंद्र मात्र शोधावे लागते. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष साजरे झाले. त्या उत्सवाला अर्थ यायचा असेल तर शासकीय वसतिगृहांच्या ताटात भाकरी आली पाहिजे. ताटातून मागणी आली, तर शेतात शाळू परतेल. आणि कडब्याच्या गंजीबरोबर ओस पडलेल्या गोठ्यात गोधनही.