मंद गतीवर अडखळणारे होडीचे यंत्र

नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात उतरतात, तेव्हा देवगड, मालवण, वेंगुर्ले या भागांतील लहान होड्यांवरील जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड यंत्रांविषयी एक तक्रार हमखास ऐकू येते. यंत्र वेगात उत्तम चालते. पण वेग कमी केला की थरथरते, अडखळते आणि शेवटी बंद पडते. यावर किनाऱ्यावर रूढ असलेला उपाय म्हणजे मंद गतीचा स्क्रू आवळून फेरे वाढविणे. यंत्र बंद पडण्याचे थांबते खरे, परंतु हा उपचार नव्हे. दुखणे झाकणे होय.

फेरे वाढवून ठेवलेल्या यंत्राचा गियर टाकताना खाडकन आवाज होतो, तो गियरचे दाते झिजत असल्याचा. होडी काठाला लावताना ती एकदम पुढे झेपावते, आणि त्याच वेळी कमरेइतक्या पाण्यात माणसे उभी असतात. उलट दुखणे तसेच ठेवावे, तर खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत असताना वेग कमी करताच यंत्र थांबते व होडी आडवी होते. म्हणून या तक्रारीला किरकोळ मानणे योग्य नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावयास हवी. मंद गतीत जळालेला वायू सिलिंडरमधून पूर्णपणे बाहेर जात नाही, म्हणून जुने टू-स्ट्रोक यंत्र थोडेसे अनियमित चालणारच. त्याच्याकडून फोर-स्ट्रोकच्या संथपणाची अपेक्षा करू नये. दोष समजावा तो यंत्र बंद पडू लागले किंवा पूर्वीपेक्षा स्पष्टपणे बिघडले तर.

बहुतेक वेळा मूळ पावसाळ्यातील साठवणुकीत असते. वेगात इंधन कार्ब्युरेटरच्या मोठ्या जेटमधून येते; मंद गतीत ते केसासारख्या बारीक मार्गांतून यावे लागते. यंत्र महिनोन् महिने उभे राहिले, की वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर प्रथम हेच मार्ग बुजवितो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. 2025 पर्यंत देशातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास पोचले. इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि या थरात वंगण तेल नीट मिसळत नाही. दमट किनाऱ्यावर गतवर्षीचे पेट्रोल वापरणे म्हणजे यंत्राला तेलावाचून चालविणे होय.

म्हणून ग्रामसेवकाने मच्छीमारांना पान्ह्याआधी तपासणीचा क्रम शिकवावा. थोडे इंधन काचेच्या बाटलीत घेऊन स्थिर होऊ द्यावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते टाकून द्यावे. ताज्या पेट्रोलमध्ये तेल यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे. पुष्कळ यंत्रांना ते 50 भागांस 1 असते, काही जुन्यांना अधिक लागते. टाकीचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, नळीच्या जोडांतून हवा शिरत नाही ना, हे पाहावे. यंत्र अडखळत असताना नळीवरील रबरी फुगा दाबल्याने ते सुधारले, तर दोष इंधनपंपात किंवा नळीत शोधावा.

नंतर प्लग काढून पाहावे. दोन सिलिंडरांपैकी एकाचाच प्लग ओला व काळा असेल, तर त्या सिलिंडरात ठिणगी पडत नसावी. प्लगवर पाण्याचे थेंब असतील, तर डोक्याचे गॅसकेट गळत असण्याचा संभव आहे. ठिणगीची परीक्षा उघड्या इंधनाजवळ कधीही करू नये.

एवढे झाल्यावरच कार्ब्युरेटर उतरवून मंद गतीचे मार्ग धुवावेत, व शेवटी मिश्रणाच्या स्क्रूला हात लावावा. ही जुळणी यंत्र गरम झाल्यावर, होडी पाण्यात पक्की बांधून, गियरमध्ये करावी. पिंपातील जुळणी समुद्रात उपयोगी पडतेच असे नाही. यंत्र शिंकल्यासारखे करून थांबत असेल तर इंधन कमी पडते. धूर सोडत जड होत असेल तर जास्त होते. दोहोंच्या मध्ये, किंचित जास्तीच्या बाजूस स्क्रू ठेवावा. इंधनाची काटकसर म्हणून तो आवळणे महागात पडते, कारण टू-स्ट्रोकमध्ये इंधन कमी म्हणजे वंगणही कमी. एवढ्यानेही यंत्र ताळ्यावर न आल्यास दोन्ही सिलिंडरांतील दाब व क्रँकचे सील मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत. फाटलेल्या सीलमधून हवा शिरत असेल तर कितीही जुळणी केली तरी ती टिकत नाही.

पुढील हंगामासाठीची तयारी मे महिन्यातच करावयाची असते. टाकी रिकामी करावी, वाटीचा तळस्क्रू सोडून कार्ब्युरेटर कोरडा करावा, प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरात चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडून चाक हाताने फिरवावे आणि मग यंत्र छपराखाली उभे ठेवावे. यास अर्धा तास पुरतो.