नोंद बाईची, नंबर नवऱ्याचा

भिसेगावकरांनो, आपल्याला स्टेशन जवळ, उपजिल्हा रुग्णालय जवळ, मोबाईलला रेंजही फुल. त्यामुळे ‘मोबाईलवरून आरोग्यसेवा’ म्हटलं की आपल्याला वाटतं, झालं काम!

परवा स्टेशनबाहेर डोंगरातल्या वाडीवरची एक ताई भेटली. सातवा महिना. विचारलं, “किलकारीचा फोन येतो का गं?” म्हणाली, “नंबर ह्यांचा दिलाय. ते कामावर असतात. अनोळखी फोन उचलत नाहीत.”

किलकारी ही केंद्र सरकारची मोफत सेवा. देशात २०१६ साली सुरू झाली, महाराष्ट्रात २०२४ मध्ये आली. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला फोनवर माहिती ऐकवतात. एकूण ७२ संदेश. साधा बटणाचा फोन चालतो, नेट लागत नाही, वाचता यायला हवं असंही नाही. योजना खरंच चांगली आहे. पण फोन नवऱ्याच्या खिशात असेल तर ऐकणार कोण? आपल्याकडची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. तिथे सिम बदललं की नोंदवहीतला नंबर मेला.

दुसरी बाजू काम करणाऱ्या बायकांची. २०२१ मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले होते, आठवतंय? फोन निकृष्ट आणि ॲप इंग्रजीत. त्यांना कामचुकार म्हणणं सोपं होतं, पण त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. ई-संजीवनीवर डॉक्टर घरबसल्या सल्ला देतात, हे मोठंच काम आहे. पण रात्री कळा सुरू झालेल्या बाईला झोळीतून खाली आणावं लागतं, तिथे रस्ताच हवा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. प्रत्येक तपासणीला विचारा, हा फोन दिवसा कुणाकडे असतो? नंबर बदलला असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या. सेविकांना आणि आशाताईंना चालणारा फोन, मराठी ॲप आणि रिचार्जचे पैसे वेळेवर द्या.

आणि आपण? घरात, शेजारी कुणी गरोदर असेल तर सांगा, फोन चुकला तरी नोंदवलेल्या नंबरवरून १४४२३ लावून संदेश पुन्हा ऐकता येतो. आणि दादांनो, संध्याकाळी घरी आलात की दोन मिनिटं फोन तिच्या हातात द्या.

पटलं तर पुढे पाठवा.