काका, तुम्ही बघून घेतला होतात ना?

मराठी विभागाच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. बालवाडीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मुलीचं मराठी म्हणजे घरी आईशी बोलायचं आणि मेसच्या मावशींकडे एक पोळी जास्त मागायची, एवढंच. पण जे सांगायचंय ते सगळं मराठीत घडलं, तेही फोनवर. म्हणून मराठीतच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या!

तर झालं असं. मागच्या वर्षी दिवाळीत दादाने मला नवा लॅपटॉप घेऊन दिला. जुना विकून चार पैसे येतील म्हणून मी ऑनलाइन जाहिरात टाकली. ‘उत्तम स्थितीत. एकाच व्यक्तीने वापरलेला. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ शेवटचं वाक्य आमच्या गल्लीतल्या साडीच्या दुकानातल्या पाटीवरून उचललेलं. किंमत चौदा हजार.

आता त्या लॅपटॉपची एक सवय होती. दीड तास सलग काम केलं की तो तापायचा आणि आपोआप बंद पडायचा. मी त्याला टेबल फॅनसमोर ठेवून दोन वर्षं काढली होती. हे जाहिरातीत लिहिलं नाही. का नाही? खरं सांगायचं तर किंमत पडेल म्हणून.

बार्शीहून एक काका आले. एसटीने, एका बाजूचे पाच तास. मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला, तिच्यासाठी हवा होता. कँटीनच्या बाकावर बसून त्यांनी वीस मिनिटं लॅपटॉप बघितला. मग म्हणाले, “ताई, काही खोट नाही ना? असेल तर आत्ताच सांगा.” मी काही बोलले नाही. नुसती हसले. त्यांनी पैसे दिले, लॅपटॉप पिशवीत घातला आणि गेले.

चौथ्या दिवशी फोन. “ताई, तो आपोआप बंद होतोय. पैसे परत द्या, मी घेऊन येतो.”

मी ठेवणीतलं उत्तर दिलं, “काका, तुम्ही बघून घेतला होतात ना?”

ते चिडले नाहीत. म्हणाले, “बघितला की. पण मी वीस मिनिटं बघितला. तुम्ही दोन वर्षं बघत होतात.”

पुढचे दोन फोन मी उचलले नाहीत. चौदा हजारांतले नऊ हजार मेसच्या अॅडव्हान्समध्ये आणि परीक्षेच्या फॉर्ममध्ये गेले होते. शिवाय ‘परत घेतला जाणार नाही’ असं लिहिलंच होतं की! कायदा माझ्या बाजूने आहे याची खात्री करावी म्हणून लायब्ररीत जाऊन बसले. तिथेच माझी जिरली.

आपल्याकडे १९३० चा मालविक्रीचा कायदा आहे. त्याच्या कलम १६ चा सर्वसाधारण अर्थ असा, की मालाच्या दर्जाची हमी आपोआप मिळत नाही, पारखून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम. इथपर्यंत मी खूश. पण त्याच्या आधीचं कलम १५ म्हणतं, की वर्णनावरून वस्तू विकली तर ती त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. ‘उत्तम स्थितीत’ हे वर्णन कोणी लिहिलं होतं? मीच!

त्याहून वाईट पुढे होतं. १८७२ चा कराराचा कायदा आहे, त्याचं कलम १७ फसवणुकीबद्दल. त्यात घोड्याची उदाहरणं दिलीयत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला माहीत असतं, पण तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारा जर म्हणाला, “तू नाही म्हटलं नाहीस तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन,” आणि तरीही विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं म्हणजे बोलणंच. कँटीनचा बाक आणि माझं हसणं डोळ्यांसमोर आलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायद्यात माझा लॅपटॉप बसला होता, फक्त त्याला चार पाय होते.

कोणी म्हणेल, एवढं काय, काका थोडेच कोर्टात जाणार? बरोबर आहे, जाणार नव्हते. २०२० मध्ये ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम आले, पण स्वतःची वापरलेली वस्तू खासगीत, धंदा म्हणून नव्हे, विकणाऱ्याला ते लागू नाहीत. म्हणजे दुकानातून घेतलं तर तक्रारीला खिडकी आहे. तुमच्या-माझ्याकडून घेतलं तर खिडकी नाही, दोन माणसं आणि मध्ये एक फोन, एवढंच. माझं म्हणणं हे, की म्हणूनच आपली जबाबदारी जास्त आहे. समोरच्याला दुसरं दारच नसेल तर आपलं दार बंद करून बसणं ही हुशारी नाही.

मी काकांना फोन केला. खोट मला माहीत होती हे सांगितलं. सांगताना घसा कोरडा पडला होता. म्हटलं, परत आणा, पैसे दोन हप्त्यांत देते, नाहीतर तिथेच दुरुस्त करून घ्या, खर्च माझा. काकांनी दुरुस्ती करून घेतली. पंख्यात धूळ बसली होती, प्रोसेसरवरची पेस्ट वाळली होती. मी पंधराशे पाठवते म्हटलं, तर त्यांनी बिलाचा फोटो पाठवला. “तेराशे पन्नास झाले, तेवढेच पाठवा.”

तेराशे पन्नास! आधी सांगितलं असतं तर मी तेवढीच किंमत कमी केली असती आणि चार रात्री नीट झोपले असते.

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी गिऱ्हाईकच खरं असतं असं मुळीच नाही. माझ्या रूममेटने कुरियरने रॅम विकली. घेणाऱ्याने ‘चालत नाही’ म्हणून परत पाठवली. हिने पाठवण्याआधी स्टिकरवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढला होता आणि पॅकिंगचा व्हिडिओही. परत आलेल्या रॅमवर नंबर वेगळाच! त्याची स्वतःची बिघडलेली रॅम त्याने हिच्या गळ्यात मारली होती. हिने दोन्ही फोटो पाठवले, पैसे दिले नाहीत, आणि तो पुन्हा बोलला नाही. हिने बरोबर केलं. रिफंड म्हणजे दानधर्म नव्हे.

मग द्यायचा कधी आणि नाही कधी? माझा साधा हिशोब असा. आपण लिहिलं त्याच्याशी वस्तू जुळत नसेल, किंवा माहीत असलेली खोट आपण लपवली असेल, तर पैसे परत. मन बदललं, दुसरीकडे स्वस्त मिळालं, हातातून पडला, तर नाही. आणि हे ठरवायला पुरावा लागतो, तो विकण्याआधीच गोळा करायचा असतो.

लॅपटॉप असेल तर बॅटरीचा रिपोर्ट काढा. विंडोजमध्ये एका कमांडने निघतो, मूळ क्षमता किती आणि आता किती उरलीय ते दोन्ही आकडे त्यात असतात. घेणाऱ्यासमोर तासभर व्हिडिओ चालवा, वीस मिनिटं नव्हे. फोन असेल तर *#०६# दाबून आयएमईआय दाखवा, बिल द्या, आणि आपलं गुगल अकाउंट काढूनच रीसेट करा. ते राहिलं तर नवा मालक फोन उघडूच शकत नाही, आणि भांडण तिथूनच सुरू होतं. असलेल्या खोटी एका कागदावर लिहा, दोघांनी सह्या करा, तीन दिवसांची मुदत घाला. परत घ्यायची वेळ आली तर आधी वस्तू हातात, नंबर जुळवा, मग पैसे.

पैशांच्या बाबतीत एक गोष्ट पाठच करा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. ‘चुकून जास्त पाठवले, फरक परत करा’ असा फोन आला तर स्क्रीनशॉट बघू नका, बँकेतला बॅलन्स बघा. आणि फसलाच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. (मालविक्रीच्या कायद्याचं साल आणि सायबर हेल्पलाइनचा नंबर एकच, लक्षात ठेवायला सोपं.)

हे सगळं लिहायचं कारण दर मे महिन्यात आपल्या हॉस्टेलच्या जिन्यात बाजार भरतो. फायनल इयरचे जाताना कूलर, मॉनिटर, कॅल्क्युलेटर, प्रिंटर विकतात आणि जुलैत ते सापडत नाहीत. जॉर्ज अॅकरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला, २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. खोट फक्त विकणाऱ्याला माहीत असते, म्हणून घेणारा सगळ्यांनाच कमी भाव देतो. मग चांगली वस्तू असलेला बाजारात येतच नाही, आणि शेवटी खटारेच उरतात. आपल्या जिन्यातही हेच होतंय. ज्युनियर म्हणतात, सीनियरकडून घेऊ नको, गंडवतात. म्हणजे खोटं एक जण बोलतो आणि किंमत सगळे मोजतात.

म्हणून रेक्टर मॅडमना एक विनंती आहे. मे महिन्यात ऑफिसबाहेर एक वही ठेवावी. वस्तू, सीरियल नंबर, माहीत असलेल्या खोटी, किंमत, परत घ्यायची मुदत आणि दोन सह्या. सहा रकाने, बस्स. वही मी आणून देते आणि पहिली नोंदही मीच करते. माझा प्रिंटर विकायचाय. रंगीत छपाईत लाल रंग येत नाही आणि कागद कधीकधी अडकतो. किंमत बाराशे. बघून घ्या, आणि काय विचारायचं ते विचारा. या वेळी नुसती हसणार नाही.