परातभर पाण्याचा खेळ

मैत्रिणींनो, घरात दीड-दोन वर्षांचं मूल असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. नळाची धार ऐकू आली की हातातलं खेळणं टाकून ते मोरीकडे धावतं. आपण उचलून बाहेर आणतो, ते पुन्हा जातं. "पाण्यात हात घालू नकोस" हे दिवसातून दहा वेळा सांगूनही उपयोग शून्य! आणि लहानग्यांनाच का नावं ठेवायची? आपल्या नाशकात रंगपंचमीला तिवंध्यावर नि शनी चौकात पेशवेकालीन रहाडी उघडतात, तेव्हा चांगली मिशा फुटलेली माणसं रंगाच्या पाण्यात धप्पा मारायला रांग लावतात. पाण्याची ओढ माणसाला असतेच. तेव्हा हे पाणी रोज थोडा वेळ आपणच मुलाला द्यावं. आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या नजरेसमोर.

हा नुसता लाड नाही बरं का. एका फुलपात्रातलं पाणी दुसऱ्यात ओतताना मुलाचं मनगट वळतं, दोन्ही हात एकमेकांना साथ देतात, नजर हाताबरोबर चालते. मी अर्धवेळ शिक्षिका आहे. पहिलीच्या वर्गात पेन्सिल धरताना ज्यांची बोटं लवकर दुखतात, त्या मुलांना अक्षरांच्या आधी बोटांचं काम हवं असतं. मारिया माँटेसरी यांनी भांड्यातून भांड्यात ओतणं हा शिक्षणाचाच एक पाठ मानला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा महागडी साधनं न आणता शंख-शिंपले, बिया, खडे अशा आसपासच्या वस्तूंतून मुलांना शिकवलं. मग आपल्या स्वयंपाकघरात काय कमी आहे?

साहित्य : एक पसरट परात, चार-पाच लिटर पाणी, दोन फुलपात्रं, एक वाटी, पळी, चहाची गाळणी, जुन्या पंचाचा तुकडा. खाली गोणपाट किंवा जुनी चादर. काचेचं काही नको. पाणी पिण्याचंच घ्यावं, कारण मूल ते तोंडात घालणार म्हणजे घालणारच. साबणाचा फेस नको. थंडीत पाणी कोमट करून घ्यावं.

आता खेळ. पहिले दोन-तीन दिवस फक्त ओतू द्या. निम्मं बाहेर सांडेल, सांडू द्या. मग गाळणी द्या. त्यातून पाऊस पडतो हे कळलं की पुढची दहा मिनिटं तुम्हाला कोणी हाक मारणार नाही. पंचाचा तुकडा भिजवून पिळणं हा बोटांना उत्तम व्यायाम. त्यानंतर तरंगतं काय नि बुडतं काय ते बघा. वांगं तरंगतं, बटाटा तळ गाठतो. आंब्याचं पान तरंगतं, स्टीलचा चमचा बुडतो. पण स्टीलचीच वाटी अलगद ठेवली तर होडीसारखी डुलते, आणि कलती झाली की गुडुप! कारण सांगत बसू नका. मुलाला ते पुन्हा पुन्हा करून बघायचं असतं, तेवढं करू द्या.

उन्हाळ्यात गच्चीवर किंवा ओट्यावर रंगाचा जुना ब्रश नि वाटीभर पाणी द्या. शहाबादी फरशीवर मूल रेघोट्या ओढतं, ऊन त्या पुसून टाकतं, ते पुन्हा ओढतं. ना भिंत खराब, ना कपडे.

या सगळ्यात तुमचं काम एकच, बोलणं. आपल्या मराठीत पाण्याला किती शब्द आहेत बघा! गार, कोमट, ओलं, दमट, तुडुंब, रिकामं; टपटप, खळखळ, बुडबुड; सांडलं, निथळलं, झिरपलं. हात पाण्यात असताना कानावर पडलेला शब्द मूल सहसा विसरत नाही.

घरातून हरकती येतील. "सर्दी होईल," असं सासूबाई म्हणतील. सर्दी विषाणूंमुळे होते. पण ओल्या कपड्यांत मूल गारठतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. म्हणून खेळ आंघोळीच्या आधी ठेवावा आणि संपला की लगेच अंग पुसून कोरडे कपडे घालावेत. दुसरी हरकत पाण्याची. गंगापूर धरणावर जगणाऱ्या आपल्या गावाने २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडं पडलेलं पाहिलं आहे. पाणी वाया घालवा असं कोण म्हणेल? खेळ संपला की तेच पाणी मुलाच्या हातून तुळशीला, कुंड्यांना घालावं. उरलंच तर फरशी पुसायला होतं. पाणी टाकायचं नसतं हेही ते त्यातूनच शिकतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. कृपा करून हा भाग घाईने वाचू नका. लहान मूल बुडायला विहीर लागत नाही. त्याचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो आणि परत वर येता येत नाही. दोन इंच पाणीही पुरतं. शिवाय ते ओरडत नाही. सिनेमातल्यासारखे हात मारणं नाही, हाक नाही. शेजारच्या खोलीत काही ऐकूसुद्धा येत नाही. म्हणून मूल परातीशी असेपर्यंत आपण हाताच्या अंतरावर बसायचं. दाराची घंटा वाजली, दूध उतू गेलं, फोन आला, तर मुलाला उचलून घेऊनच उठायचं. "ताई बघतेय" म्हणून सात वर्षांच्या बहिणीवर सोपवायचं नाही. खेळ संपताच परात रिकामी. आणि एरवीसुद्धा मोरीचं दार लावलेलं, बादल्या झाकलेल्या नाहीतर पालथ्या, जमिनीतल्या टाकीचं झाकण पक्कं. पाणी ठरावीक वेळीच येतं म्हणून आपण पिंपं भरून ठेवतो. त्यांवर मुलाला उघडता येणार नाही असं झाकण हवं. तीच पिंपं आठवड्यातून एकदा घासून कोरडी केली तर डेंग्यूच्या डासांनाही थारा मिळत नाही. ते स्वच्छ साठवणीच्या पाण्यातच वाढतात.

आणखी एक. हरभरे, मणी, चिंचोके, बर्फाचे छोटे खडे असलं काही तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या पाण्यात टाकू नये. घशात अडकतं.

तुम्हाला रोज अर्धा तास कुठून काढायचा हा प्रश्न आहेच. मी म्हणते, भाजी निवडायची टोपली घेऊन परातीशेजारीच बसा. मेथी निवडून होते, मुलाचे बटाटे धुऊन होतात. हो, खेळ म्हणून धुतलेले बटाटे खरोखर भाजीत घाला आणि जेवताना सगळ्यांना सांगा, "आज बटाटे कोणी धुतले?" मग बघा चेहरा!

पुढच्या आठवड्यात कणकेच्या गोळ्याचे खेळ.