फगवाड्याचा संघ आणि खेळाडूची नोकरी

ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूच्या एका नामवंत फुटबॉल क्लबने आपल्या पहिल्या संघातील खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. लीगचा पुढील हंगाम होणार की नाही हे ठरलेले नाही, असे कारण देण्यात आले. एखाद्या कारखान्याच्या मालकाने पुढील ऑर्डर निश्चित नाही म्हणून सर्व खात्यांचे पगार रोखले असते, तर दुसऱ्याच दिवशी गेटवर सभा झाली असती. येथे तसे काही घडले नाही. ते का घडले नाही हे समजून घ्यायचे असेल, तर फगवाड्याच्या जे.सी.टी. संघाकडे पाहावे लागते.

फगवाडा हे पंजाबात जालंधर व लुधियाना यांच्या मधले गिरणीचे गाव. थापर घराण्याने १९४६ साली तेथे जगतजित कॉटन टेक्स्टाईल मिल काढली. नाव कपूरथळ्याच्या महाराजांचे. या गिरणीने १९७१ साली फुटबॉलचा संघ उभा केला. तो भाग फुटबॉलने झपाटलेला. होशियारपूर जिल्ह्यातील माहिलपूरसारख्या गावांतून मुले तयार होत होती आणि त्यांना खेळाइतकीच पोटाला आधार देणारी जागा हवी होती. मूळचे फगवाड्याचेच असलेले इंदरसिंग यांनी १९७४-७५ च्या संतोष ट्रॉफीत पंजाबसाठी २३ गोल केले आणि जालंधरच्या अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला ६-० असे हरवले. ते जे.सी.टी.कडूनच खेळत होते. कलकत्त्याबाहेर फुटबॉल नाही, हा समज त्या दिवशी पुरता मोडला.

त्या काळची पद्धत आपल्या वाचकांना सांगायला नको. रेल्वे, पोलीस, बँका, सार्वजनिक उद्योग, मोठ्या गिरण्या यांच्या संघांत खेळाडू मस्टरवर असे. स्पर्धेच्या दिवसांत रजा, एरवी खात्यात काम, आणि गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये मफतलाल, टाटा अशी नावे याच रीतीने आली. यात मालकाला जाहिरात मिळे, हे खरे. परंतु खेळाडूला प्रॉव्हिडंट फंड मिळे, हेही खरे. आणि एक सोडून दुसरे सांगणे आम्हांस योग्य वाटत नाही.

नव्वदच्या दशकात जे.सी.टी.चा खरा बहर आला. फेडरेशन कप त्यांनी दोनदा जिंकला. प्रशिक्षक सुखविंदरसिंग, संघात केरळचे आय. एम. विजयन आणि सिक्कीमचा बायचुंग भूतिया. १९९६-९७ साली देशात प्रथमच राष्ट्रीय लीग झाली. ती मोहन बागानने जिंकली नाही, ईस्ट बेंगालनेही नाही. कापड गिरणीच्या संघाने जिंकली. भूतियाने सर्वाधिक १४ गोल केले. परंतु याच वर्षांत मस्टरची जागा करार घेऊ लागला. रक्कम वाढली, मुदत आखडली. कारखान्यात कंत्राटदार शिरत होता, त्याच सुमारास मैदानावरही तोच व्यवहार आला.

त्यानंतरही संघ संपला नव्हता. तरुण सुनील छेत्री तेथे खेळत असताना २००६-०७ मध्ये जे.सी.टी. लीगमध्ये दुसरा आला. पुढे घसरण झाली. २०१०-११ च्या हंगामाअखेर संघ वरच्या लीगमधून खाली गेला आणि जून २०११ मध्ये व्यवस्थापनाने तो बंद केल्याचे सांगितले. फुटबॉलला प्रेक्षक नाहीत, प्रसिद्धी नाही, कंपनीला त्यातून काही मिळत नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. चाळीस वर्षे गिरणीने खर्च केला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण एवढा मोठा कारखाना बंद करायचा तर औद्योगिक कायद्याप्रमाणे सरकारची पूर्वपरवानगी लागते. संघ बंद करायला एक निवेदन पुरले.

फगवाडा एकटे नव्हते. २००५-०६ चा लीग विजेता असलेला मुंबईचा महिंद्र संघ एक वर्ष आधी, २०१० मध्ये बंद झाला होता. आशियाई महासंघाच्या परवान्याच्या अटी पूर्ण होत नाहीत म्हणून २०१३ मध्ये एअर इंडिया व ओ.एन.जी.सी. लीगबाहेर गेले. २०१६ मध्ये गोव्याच्या साळगावकर व स्पोर्टिंग क्लबने राष्ट्रीय लीग सोडली. दरम्यान डिसेंबर २०१० मध्ये फुटबॉल महासंघाने १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना, खेळाचे व्यापारी हक्क खाजगी कंपन्यांना दिले होते. हा करार २०२५ अखेर संपत आला, नवा झाला नाही, आणि म्हणूनच बंगळुरूचे पगार थांबले. प्रेक्षक नाहीत म्हणून गिरणीचा संघ गेला. प्रेक्षक आले तरी पगाराची हमी आली नाही.

विजयन यांचे उदाहरण बोलके आहे. लहानपणी त्रिचूरच्या स्टेडियमवर सोडा विकणारा हा मुलगा केरळ पोलिसांच्या संघातून पुढे आला, नोकरी सोडून मोठ्या क्लबांत गेला, फगवाड्याला लीग जिंकून दिली. मात्र २०२५ मध्ये ते निवृत्त झाले ते केरळ पोलीस दलातून. निवृत्तिवेतन क्लबने दिले नाही, खात्याने दिले.

२००६ साली भूतियाच्या अध्यक्षतेखाली फुटबॉलपटूंची संघटना निघाली, ही स्वागतार्ह गोष्ट. तिला कामगार संघटनांची साथ हवी. पंजाब, गोवा, बंगाल, केरळ येथील आमच्या राज्य समित्यांनी आपापल्या भागातील क्लबांचे खेळाडू, माळी, फिजिओ, बसचालक यांना भेटून करारांच्या प्रती गोळा कराव्यात. संघ बंद करण्यापूर्वी किमान नोटीस, सर्व थकबाकी आणि दुखापतग्रस्तांच्या उपचाराचा खर्च या गोष्टी परवान्याच्या अटींत घालाव्यात, अशी मागणी महासंघाकडे व श्रम मंत्रालयाकडे एकाच वेळी गेली पाहिजे. मैदानाला दिवे किती आणि खुर्च्या किती हे परवाना देताना मोजले जाते; पगार किती महिन्यांचा बाकी आहे, तेही त्याच अर्जात विचारावे.