तिला समजणाऱ्या भाषेत

गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, याचा आपण मराठी माणसं अभिमान बाळगतो. बाळगावाच. मात्र १९९४ साली संसदेने केलेला कायदा आपण अर्धाच वाचतो. गर्भ मुलीचा आहे का, हे शोधायला तो बंदी करतो. गुणसूत्रांत दोष आहे का, हे शोधायला अटी घालून परवानगी देतो. ती परवानगी काढून घ्या असं मी म्हणत नाही. गर्भ ठेवायचा की नाही हे बाईनेच ठरवावं. नवऱ्याने नाही, सासूने नाही, लेख लिहिणारीनेही नाही. माझं भांडण आहे ते तिला ठरवू दिल्याच्या नाटकाशी.

त्याच कायद्याचं पाचवं कलम सांगतं की गर्भजल काढण्यासारख्या तपासणीआधी दुष्परिणाम समजावून सांगावेत, तिला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी आणि प्रत तिच्या हाती द्यावी. बंगळुरूत सोलापूर-लातूरकडून आलेल्या मुलींसोबत मी दुभाषी म्हणून दवाखान्यांत जाते. मी पाहिलेली संमतीपत्रं इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये. ‘यहाँ साइन करो’ एवढंच हिंदीत. एकीच्या रक्ततपासणीच्या कागदावर ‘हाय रिस्क’ होतं, बाजूला १:१८०. म्हणजे असा आकडा आलेल्या १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम नसतो. ही नुसती चाळणी आहे, निदान नव्हे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. वास्तविक ते दुभाष्याचं काम नव्हे.

बरं, निदान पक्कं झालं तर? सुईचे धोके सांगा, असं पाचवं कलम बजावतं. मुलाच्या आयुष्याबद्दल ते अक्षर काढत नाही. एकविसाव्या गुणसूत्राची जादा प्रत घेऊन आलेलं मूल उशिरा शिकतं, पण शिकतं. जवळजवळ निम्म्यांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, त्यातले बरेचसे शस्त्रक्रियेने दुरुस्त होतात. आईबापांच्या माघारी त्याचं कोण करणार, हा प्रश्न तर खराच. हे गोड-कडू सगळं तिने अशा एखाद्या मुलाच्या आईकडून ऐकायला हवं. तसं न होता तिला गर्भपाताची तारीख सुचवली जाते आणि वर ‘चॉइस तुमचा’.

वेळ नसतो म्हणतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचं वैद्यकीय मंडळाने ठरवलं तर २४ आठवड्यांची मर्यादाही आड येत नाही. कुणाला मुद्दाम उशीर करा असं सांगत नाही मी. पण अर्ध्या तासाची घाई कसली? आणि मराठी, ओडिया, बंगाली संमतीपत्रं छापायला असा किती कागद लागतो? बिलं बरी न चुकता छापून येतात.