भोंगा कोणी वाजवायचा?



आपल्या धार-देवासच्या पट्ट्यात एखादी दुर्घटना झाली की चर्चा लगेच नुकसानभरपाईवर येते. किती लाख, कोणाला, कधी. त्याआधीचा प्रश्न मात्र राहून जातो : धोका ज्या कंपनीला सर्वांत आधी कळतो, तिने गावाला सांगायचे की नाही?

७ एप्रिल २००५ चे धाराजी लोहारदा-सतवासकडच्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. गुढीपाडव्याच्या तोंडावरची अमावास्या, नर्मदास्नानाला जमलेले हजारो लोक. वर इंदिरा सागर धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडले गेले आणि काठावरची माणसे वाहून गेली. साठाहून अधिक जीव गेले. पाऊस नव्हता, ढगफुटी नव्हती. मागाहून वाद रंगला तो जत्रेची सूचना धरण चालवणाऱ्या कंपनीला होती की नव्हती, यावर. जत्रा पिढ्यान् पिढ्या भरत होती! हजार मेगावॉटचा प्रकल्प उभारणाऱ्यांना खालच्या घाटापर्यंत वेळेवर इशारा पोचवता आला नाही. तो जुना घाटही पुढे ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात गेला.

ऑगस्ट २०२२ मध्ये धार जिल्ह्यात कारम नदीवरचे ३०४ कोटींचे धरण भरताच गळू लागले, तेव्हा चित्र थोडे वेगळे होते. अठरा गावे रिकामी केली, बाजूने चर खोदून पाणी सोडले, माणसे वाचली. हे श्रेय प्रशासनाला आणि रातोरात घर सोडणाऱ्या गावकऱ्यांना द्यायलाच हवे. ठेकेदार कंपन्या काळ्या यादीत गेल्या. पण धरण बांधताना खालच्या गावांशी त्यांचे कधी बोलणे झाले होते काय?

पीथमपूरचे तर विचारूच नका. भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये तिथे आला, लोक रस्त्यावर उतरले, आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली जूनअखेर तो जाळून झाला. शास्त्रीय चाचण्यांचे आकडे काहीही असोत, शेजारच्या वस्तीला आधी विश्वासात घेतले नाही की अफवाच राज्य करतात.

वास्तविक कायदा आहे. घातक रसायनांच्या १९८९ च्या नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्याने आपली आपत्कालीन योजना करायची, कुंपणाबाहेरची योजना जिल्ह्याने करायची, आणि अपघात झाल्यास काय करावे हे आसपासच्या लोकांना आधीच कळवायचे. संयुक्त राष्ट्रांनी १९८८ पासून ‘अपेल’ या कार्यक्रमातून हेच सांगितले : कारखाना, प्रशासन आणि वस्ती यांनी एकत्र बसून तयारी करावी. पैशाचीही सबब नको. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी लावले आहेत, त्यात स्थानिक भागाला प्राधान्य आहे, आणि २०१९ पासून आपत्ती व्यवस्थापन त्या यादीत स्पष्टपणे आहे. तरी हा पैसा कुठे दिसतो? शाळेच्या फाटकावरच्या पाटीत आणि बसथांब्यावरच्या बाकात.

इथे हे जमत नाही असेही नाही. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने देवासच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा दहावा हिस्सा तलावासाठी काढला, बँकेचे कर्ज घेतले आणि दुष्काळाला तोंड दिले. ज्या देवासला कधी रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यातली ही गोष्ट.

पवारांच्या संस्थानांपासून इथे रुजलेल्या आपल्या घरांतले कितीतरी जण आज देवास-पीथमपूरच्या कारखान्यांत अधिकारी आहेत, कामगार संघटनांत आहेत, पंचायतीतही आहेत. म्हणजे दोन्ही बाजूंना आपलीच माणसे. त्यांनी आपापल्या कंपनीत तीन गोष्टी विचाराव्यात : शेवटची रंगीत तालीम कधी झाली, तिला शेजारच्या गावातले कोण होते, आणि रात्री दोन वाजता सरपंचाला फोन करायची जबाबदारी कोणाची आहे. उत्तरे लेखी घ्यावीत आणि ग्रामसभेत वाचून दाखवावीत. मते मागायला येणाऱ्या उमेदवारापुढेही तोच कागद ठेवावा.